पायातली कळ, कमरेतलं मूळ आणि कायरोप्रॅक्टिक

सातारा जिल्ह्यातून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे यजमान एसटीत चालक आहेत, वय ४४. नऊ आठवड्यांपासून डाव्या कुल्ल्यातून कळ निघते आणि मांडीच्या, नडगीच्या बाहेरच्या बाजूने पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. कंबर मात्र फारशी दुखत नाही. एमआरआयच्या अहवालात एल-४ आणि एल-५ या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आली असून नस दबते आहे, असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. पुतण्याने मोबाईलवर कायरोप्रॅक्टिकचे, म्हणजे मणक्यांवर हाताने धक्का देऊन उपचार करण्याच्या पद्धतीचे व्हिडिओ दाखवले, त्यात माणसं एका बैठकीत उठून चालायला लागतात. सासूबाई म्हणतात, पायाळू माणसाचा पाय लावून घ्या. ताई विचारतात, मणका जागेवर बसवून हे खरंच बरं होतं का? की असंच राहिलं तर पाय कायमचा जाईल?

ताई, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. यजमानांना विचारा: लघवी नेहमीसारखी होते का, की अडते, थेंब थेंब होते, नकळत होते? शौचावरचा ताबा गेलाय का? सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग, म्हणजे जांघेच्या आतली बाजू, गुदद्वाराभोवतीची कातडी, बधिर वाटते का? कळ दोन्ही पायांत उतरते का? संकोच बाजूला ठेवून विचारा, कारण पुरुष हे आपणहून सांगत नाहीत. यातलं काहीही नव्याने सुरू झालं असेल तर सकाळची वाट न पाहता मणक्याचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेला की तासांचा हिशोब असतो. तिथे कायरोप्रॅक्टर नको, मालिशवाला नको, मीही नको.

हे नसेल तर आता शांतपणे पुढे वाचा. मी स्वतः कायरोप्रॅक्टर आहे, गेली २२ वर्षं हेच काम करते. पहिली आठ ब्रिटनमध्ये, नंतरची नाशिकला.

तुमच्या प्रश्नात ‘मणका जागेवर बसवणे’ असे शब्द आहेत. सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण सगळी भीती त्या एका कल्पनेतून येते. आपल्याकडे कुणी म्हणतं मणका सरकला, कुणी म्हणतं मणक्यात गॅप पडली. तुमच्या यजमानांचा मणका कुठेही सरकलेला नाही. दोन मणक्यांमध्ये जी गादी असते तिच्या बाहेर चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. वर्षानुवर्षं बसून, हादरे खाऊन, वाकून उचलून त्या कड्याला चिरा पडतात आणि गर मागच्या बाजूला ढकलला जातो. तिथूनच पायाकडे जाणारी नस बाहेर पडते. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी हे नातं स्पष्ट मांडलं आणि तेव्हापासून जगभर सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र बसलं: नळीवर दगड पडावा तशी नसेवर गादी पडली आहे.

ते चित्र अर्धंच खरं आहे. गादीतला गर नसेच्या मुळाशी आला की तिथे रासायनिक दाह होतो, नस सुजते, चिडते. चिडलेली नस थोड्याशा ताणानेही पेटते. म्हणून खोकताना, शिंकताना, मोरीत वाकताना पायात वीज चमकते. आणि म्हणूनच दाब तसाच असूनही दाह उतरला की कळ थांबते. त्याहून आश्वासक गोष्ट म्हणजे बाहेर आलेला गर शरीर स्वतःच खाऊन टाकतं. गादीचा तुकडा जितका मोठा आणि जितका सुटा, तितका तो विरघळून जाण्याची शक्यता जास्त. एमआरआयवर भयंकर दिसणारा तुकडा सहा-आठ महिन्यांनी नाहीसा झालेला मी अनेकदा पाहिला आहे, कुणी काही ‘बसवलं’ नसताना.

अहवालातल्या शब्दांनी घाबरून जाऊ नका, हेही याच ओघात सांगते. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयचे अनेक अभ्यास २०१५ साली एकत्र करून तपासले गेले. विशीतल्या साधारण ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये गादी फुगलेली दिसली. म्हणजे फुगलेली गादी हा अनेकांच्या बाबतीत पांढऱ्या केसांसारखा प्रकार असतो. चित्राला अर्थ येतो तो दुखण्याशी जुळलं तरच. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ते जुळतंय. एल-४ आणि एल-५ मधली गादी बहुतेक वेळा कमरेच्या पाचव्या नसेला त्रास देते आणि त्या नसेची वाट तुम्ही लिहिलीत तीच: नडगीची बाहेरची बाजू, पावलाची वरची बाजू, अंगठा. एक गादी खाली असती तर कळ पोटरीतून करंगळीकडे आणि तळपायात गेली असती. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही ही वाट ठाऊक होती. चरकसंहितेत गृध्रसीचं वर्णन आहे. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशा क्रमाने उतरणारं दुखणं. गृध्र म्हणजे गिधाड. त्या वेदनेने माणूस ज्या ढबीने पाय टाकतो त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

पाठीमुळे होणारी पायदुखी मात्र एकाच प्रकारची नसते. नस चिडल्याची कळ अरुंद पट्ट्यातून, चटका बसल्यासारखी, गुडघ्याच्या खाली जाते, सोबत मुंग्या येतात. मणक्यांचे सांधे किंवा माकडहाडाशेजारचा सांधा दुखत असेल तर कुल्ल्यात आणि मांडीत बोथट ठणका असतो, बोट ठेवून जागा दाखवता येत नाही आणि तो क्वचितच गुडघ्याखाली उतरतो. तिसरा प्रकार वयस्कर माणसांचा. दोनशे पावलं चाललं की दोन्ही पाय जड होतात, खाली बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात. तिथे नसांची वाट हाडांच्या वाढीने अरुंद झालेली असते. या तिघांचा उपचार वेगळा आहे. एकच झटका तिघांना देणारा माणूस तिघांपैकी निदान दोघांवर अन्याय करतो.

आणि काही पायदुखीचा पाठीशी संबंधच नसतो. जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही, तर खुब्याचा सांधा बघावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची पोटरी चालताना आवळते आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबते, तर पायाच्या रक्तवाहिन्या बघाव्यात. दोन्ही तळपायांची आग होते आणि साखर वाढलेली आहे, तर मधुमेह. एका पट्ट्यात कातडी जळते आणि चार दिवसांनी पुरळ उठतं, ती नागीण. पण मला सगळ्यात धास्ती वाटते ती मणक्याच्या क्षयाची. नाशिकला आल्यावर दुसऱ्याच वर्षी विशीतली एक मुलगी आली होती. पाठ आणि पाय दुखतो म्हणून तिने दुसरीकडे सात-आठ वेळा पाठ ‘मोडून’ घेतली होती. संध्याकाळी कणकण असते का, वजन उतरलंय का, रात्री पडल्यावरही ठणकतं का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिन्हींचं उत्तर हो होतं. किडलेल्या मणक्यावर झटके बसत होते. औषधं वेळेत सुरू झाली, ती चालत राहिली. पण त्या दिवसापासून हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मी कुणाच्याही पाठीला हात लावलेला नाही.

आता कायरोप्रॅक्टिककडे. १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली. सरकलेला मणका नसा अडवतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही आणि टिकायलाही नको होतं. टिकलं ते हातांचं कौशल्य: अडकलेल्या सांध्याला अचूक जागी, थोड्या अंतराचा, जलद धक्का देणं. त्या वेळी येणारा ‘कट्’ आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडताना हेच होतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली एमआरआयच्या आत बोट ओढून हे चित्रित केलं. धक्क्याने मणक्याची जागा बदलत नाही. स्नायूंची आखड काही काळ सैल होते, मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश मंदावतात आणि माणूस निर्धास्तपणे हालचाल करू लागतो. सासूबाईंना दुखावू नका, पण पायाळू माणसाच्या पायाने उसण गेल्याचा अनुभव लोकांना येतो, त्यातही थोडंफार हेच असतं. शिवाय साधी उसण आठवडाभरात आपोआपच उतरते. चिडलेल्या नसेवर लाथ मात्र नको.

मग याचा उपयोग किती? अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा राज्यांत नेमक्या याच दुखण्यावर, पाठीमुळे होणाऱ्या पायदुखीवर, एक चाचणी झाली. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. किमान चार आठवडे पाय दुखणाऱ्या १९२ जणांचे दोन गट केले. एकाला घरी करायचे व्यायाम आणि सल्ला, दुसऱ्याला तेच आणि वर मणक्याचे हाताने उपचार. १२ आठवड्यांनी दुसऱ्या गटाचा पाय जास्त हलका होता. वर्षभरानंतर मात्र पायाच्या दुखण्यातला तो फरक टिकलेला दिसला नाही. काही इतर बाबतींत, जसं एकूण सुधारणा आणि औषधांचा वापर, थोडा फायदा राहिला. मी याचा अर्थ असा घेते: हाताचा उपचार दुखण्याचा काळ सुसह्य करतो, चालतं-फिरतं ठेवतो, गोळ्या कमी करतो. मूळ बरं होण्याचं काम शरीर आणि व्यायाम करतात. एका बैठकीत चमत्कार कुठल्याही प्रामाणिक चाचणीत दिसलेला नाही. व्हिडिओत दिसतो तो पहिल्या दहा मिनिटांचा हलकेपणा. तिसऱ्या दिवशी तो माणूस कसा होता, हे कुणी चित्रित करत नाही.

ऑपरेशनविषयीही निर्मळ मनाने सांगते, कारण माझा धंदा ऑपरेशन टाळण्याचा आहे असं तुम्हाला वाटू शकतं. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्ष संपलं तेव्हा दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. म्हणजे पायात ताकद शाबूत असेल तर ऑपरेशन हा ‘पाय वाचवण्याचा’ प्रश्न नसून ‘किती दिवस सोसायचं’ हा प्रश्न असतो. तो यजमानांनी ठरवायचा. तुमच्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं, असं मी म्हणत नाही.

ताकद शाबूत आहे का, हे घरी बघता येतं. भिंतीजवळ उभं करून त्यांना टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. डाव्या पायाचा चवडा खाली पडतो का? मग खुर्चीत बसवून दोन्ही अंगठे वर ओढायला सांगा आणि तुम्ही बोटाने खाली दाबा. डावा अंगठा उजव्यापेक्षा सहज दबतो का? थोडा फरक असेल तर आठवड्यात दाखवा. चवडा उचलताच येत नसेल किंवा चार दिवसांपूर्वीपेक्षा जास्त पडत असेल, तर थांबू नका, सर्जनना लगेच भेटा. दुखणं एकदम गेलं आणि पाऊल मात्र लुळं पडलं, ही बरं होण्याची खूण नव्हे. नस थकल्याची आहे.

समजा ताकद चांगली आहे. चांगला कायरोप्रॅक्टर पहिल्या दिवशी काय करतो? पाऊण तास जातो, त्यातली पहिली पंचवीस-तीस मिनिटं नुसतं बोलण्यात आणि तपासण्यात. टाचेवर, चवड्यावर चालवून बघेल. गुडघ्यावर, घोट्यामागे हातोडी मारून झटका येतो का पाहील. कापूस आणि टाचणीने दोन्ही पायांची संवेदना ताडून बघेल. उताणं झोपवून सरळ पाय वर उचलेल. ३० ते ७० अंशांच्या मध्ये तीच ओळखीची कळ पायात उतरली तर नस ताणली जाते आहे. उजवा चांगला पाय उचलल्यावर डाव्यात कळ आली तर गादीचा दोष जवळपास नक्की. पावलावरच्या नाडीला बोट लावेल, खुबा फिरवेल. यातलं काहीच न करता जो थेट टेबलावर आडवं करतो त्याच्याकडून उठून या. पैसे भरले असले तरी उठून या.

मग तो दिशा शोधेल. मी रुग्णाला पालथं झोपवून, कंबर खाली ठेवून, हातांवर छाती उचलायला लावते, दहा वेळा, आणि दर वेळी विचारते, कळ कुठे आहे? ती अंगठ्यातून पोटरीत, पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत सरकत गेली तर मला मनापासून आनंद होतो. रुग्ण घाबरतो, ‘मॅडम, कंबर जास्त दुखायला लागली.’ दुखू दे. कळ पायातून वर चढून कमरेत गोळा होणं ही या आजारातली फार चांगली खूण आहे. उलट, कमरेचं दुखणं कमी पण पायात खोलवर उतरलं, तर ती हालचाल तिथेच बंद. कुणाला मागे वाकून बरं वाटतं, अरुंद वाटेच्या म्हाताऱ्यांना बहुधा पुढे वाकून. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेला व्यायाम यजमानांना देऊ नका.

तुमच्या यजमानांसारखी नस ताजी चिडलेली असेल तर मी कुशीवर वळवून पिळाचा जोरदार झटका सुरुवातीला देत नाही. त्याऐवजी खालचा भाग हळूहळू खाली झुकणारं टेबल असतं. रुग्ण पालथा, माझा एक तळहात त्या मणक्यावर, दुसऱ्या हाताने टेबल झुलवायचं. तालात, सावकाश, कळ न उठवता. आवाज येत नाही, व्हिडिओ होत नाही, पण हेच लागू पडतं. नस शांत झाल्यावर, आखडलेला सांधा सापडला तर हलका धक्का. सोबत पाय ताणून सोडण्याचा नसेचा व्यायाम, आणि चालणं. पहिल्या एक-दोन दिवसांत पाठ थोडी आंबल्यासारखी होते, ते चालतं. दोन-तीन आठवड्यांत, सहा बैठकांच्या आसपास काहीच फरक नसेल तर मी थांबते आणि रुग्णाला पुढे पाठवते. सहा महिन्यांचं २४ किंवा ४८ बैठकांचं पॅकेज आगाऊ विकणाऱ्याला नाही म्हणा. हाडं ठिसूळ असतील, बरीच वर्षं स्टिरॉइड चालू असतील, रक्त पातळ करणारी गोळी असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल तर झटका नकोच. आणि कुणी पायदुखीसाठी मान मोडायला लागला तर त्याचा हात धरून थांबवा. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याचे प्रसंग दुर्मीळ असले तरी घडलेले आहेत, आणि पायाच्या कळेसाठी तो धोका पत्करायचं काही कारण नाही.

योग्य माणूस ओळखायचा कसा? ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी नसताना स्वतःला तसं म्हणवणं तिथे गुन्हा आहे. आपल्याकडे डॉक्टरांसारखी कायरोप्रॅक्टरची वेगळी परिषद नाही, म्हणून पाटी कुणीही लावतो. विचारा, कुठल्या महाविद्यालयातून, किती वर्षांचा अभ्यासक्रम? चार-पाच वर्षांची पदवी आणि शनिवार-रविवारची कार्यशाळा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि कायरोप्रॅक्टरच हवा असा हट्ट धरू नका. साताऱ्यातच हाताने उपचार करण्याचं प्रशिक्षण घेतलेला नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट मिळाला तर मला आनंदच आहे. पुण्यापर्यंत अडीच-तीन तास बसून जायचं, दहा मिनिटं उपचार घ्यायचे आणि तेवढंच बसून परत यायचं, यात नसेचा फायदा काय?

गोळ्यांबद्दल थोडंच. नसेच्या दुखण्यासाठी सर्रास प्रीगॅबलिन दिलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत या कळेवर ते नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि चक्कर मात्र जास्त आली. बस चालवणाऱ्याला चक्कर आणणारी गोळी हा गंभीर विषय आहे. ती चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून कमी करा.

पंधरा-पंधरा दिवस पडून राहणंही नको. १९९९ साली डच संशोधकांनी तेही तपासलं होतं. झोपून राहिलेले आणि जमेल तसे वावरलेले सारखेच बरे झाले. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाच मिनिटं चालायचं, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं फिरायचं. कळ उठली तर थांबून पुन्हा. रात्री कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी.

राहिली ड्युटी. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. क्लच दाबताना गुडघा सरळ होतो आणि बसलेल्या अवस्थेत तीच नस ताणली जाते, म्हणजे घाटात दर मिनिटाला तिला चिमटा बसतो. खाली इंजिनाचे हादरे असतातच. नस शांत होईपर्यंत काही आठवडे डेपोत हलकं काम मिळतं का, डॉक्टरांचं पत्र देऊन विचारा. पाऊल जराही कमकुवत असेल तर स्टिअरिंगला हात लावायचाच नाही, मागे पन्नास माणसं बसलेली असतात. परत रुजू झाल्यावर सीट इतकी पुढे घ्यायची की क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवायचं. प्रत्येक स्थानकावर खाली उतरायचं, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे वाकायचं (कळ वर सरकत असेल तरच) आणि मग चहा. बसून नाही, उभ्याने प्यायचा. तपासणीला जाताना एमआरआयचा नुसता कागद नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही न्या. आणि कळ कुठून कुठपर्यंत जाते ते आदल्या रात्री पायावर पेनाने रेघ मारून ठेवा. मला त्या रेघेतून अहवालापेक्षा जास्त कळतं.